लोगो पहिल्यांदाच करताय? मग या क्रमाने करा

पहिल्यांदा लोगो करायला बसलेला माणूस त्या एवढ्याशा आकृतीत अख्खी कंपनी कोंबायला बघतो. बांधकामाची कंपनी म्हणून इमारत, विश्वास दाखवायचा म्हणून हस्तांदोलन, प्रगतीसाठी वर जाणारा बाण, जगभर काम चालतं म्हणून पृथ्वीचा गोल, शिवाय खाली पूर्ण नाव आणि स्थापनेचं साल. एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर चुकीची नसते, पण सगळं एकत्र आल्यावर त्यातलं काहीच कुणाच्या लक्षात राहत नाही.

लोगोचं काम एकच, ओळख पटवणं. कंपनी काय करते, कशी करते, किती वर्षं करते हे सांगायला माहितीपत्रक आहे, वेबसाइट आहे, बोलणारी माणसं आहेत. ॲपलच्या लोगोत कॉम्प्युटर नाही, मर्सिडीजच्या लोगोत गाडी नाही, नाइकीच्या लोगोत बूट नाही, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात. मी ज्या क्रमाने काम करतो, तोच क्रम खाली दिला आहे. नवख्याने निदान पहिल्या काही कामांत तरी यातली पायरी गाळू नये.

आधी प्रश्न विचारा

क्लायंट भेटला की तो लगेच रंग आणि आकार यांवर बोलायला लागतो. त्याला तिथून जरा मागे आणा आणि साधे प्रश्न विचारा. लोक कंपनीचं नाव पूर्ण घेतात की आद्याक्षरांनी ओळखतात? ग्राहक कोण आहे? कामाचा पसारा पुढे कोणत्या दिशेने वाढणार आहे? आज फक्त सायकली विकणाऱ्या कंपनीच्या लोगोत सायकल काढली आणि तिने उद्या हेल्मेट, कपडे, सहली असं काही सुरू केलं, तर तो लोगो तिला अडचणीचा होतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे लोगो प्रत्यक्षात कुठे कुठे दिसणार आहे. मोबाइलच्या आयकॉनमध्ये, ट्रकच्या बाजूला, गणवेशाच्या खिशावर भरतकामात, रबरी शिक्क्यावर, पेनाच्या दांडीवर? या यादीतली सगळ्यात अवघड जागा शोधा. भरतकामात एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेष नीट उतरत नाही, रबरी शिक्क्यात बारीक फटी शाईने भरतात आणि पेनावर उभट लोगोला जागाच मिळत नाही. अवघड जागा आधी कळली तर शेवटी रडायची वेळ येत नाही.

‘आधुनिक पण भारदस्त’, ‘साधा पण हटके’ असली विशेषणं ऐकून मान डोलावू नका. त्याऐवजी क्लायंटला आवडणारे तीन लोगो दाखवायला सांगा आणि प्रत्येकात नेमकं काय आवडलं ते विचारा. अंतिम होकार कोण देणार, हेही याच बैठकीत विचारून घ्या. मग सगळं एका पानावर उतरवून त्यावर त्यांची संमती घ्या. पुढे मतभेद झाले तर हेच पान कामी येतं.

त्या क्षेत्रातले लोगो एका पानावर मांडा

स्पर्धकांचे लोगो जमवा, सगळे एकाच लहान आकारात एका पानावर लावा आणि पान हातभर लांब धरून पाहा. पर्यावरणाशी संबंध आला की हिरवं पान, तंत्रज्ञान आलं की निळ्या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, दातांचा दवाखाना आला की दात, हे डोळ्यांसमोर येतंच. या गर्दीत आपला लोगो कुठे उठून दिसेल, ती मोकळी जागा शोधायची असते. सगळे निळे असतील तर नारिंगी रंगही अर्धं काम करून जातो. सगळ्यांकडे चित्र असेल, तर नुसती अक्षरं वेगळी दिसतात.

प्रकार कोणता घ्यायचा

ढोबळमानाने चार वाटा आहेत. गूगलसारखं नुसतं नाव, आयबीएमसारखी आद्याक्षरं, ॲपलसारखं नुसतं चिन्ह, किंवा चिन्ह आणि नाव एकत्र. नवीन कंपनीसाठी माझं मत स्पष्ट आहे. नाव असलेलाच लोगो घ्या, एकतर नुसतं नाव किंवा चिन्हासोबत नाव. नुसत्या चिन्हावर ओळखलं जाणं ही अनेक वर्षांच्या वापरानंतर मिळणारी गोष्ट आहे. नाइकीचं ते बाकदार चिन्ह १९७१ साली आलं, पण ते नावाशिवाय एकटं वापरायला कंपनीने १९९० चं दशक उजाडेपर्यंत वाट पाहिली. मास्टरकार्डची एकमेकांत मिसळणारी दोन वर्तुळं १९६० च्या दशकापासून लोकांसमोर होती आणि त्यांवरून नाव काढलं २०१९ साली.

आद्याक्षरांचा मोह मात्र टाळा. लोक जर तुम्हाला त्या आद्याक्षरांनी हाक मारत नसतील, तर तीन अक्षरांतून कुणालाच काही कळत नाही.

कॉम्प्युटर बंद, कागद पुढे

सॉफ्टवेअर उघडलं की हात लगेच फाँट चाळायला लागतो आणि विचार थांबतो. म्हणून कागद घ्या, काळं पेन घ्या आणि छोटे छोटे चौकोन आखून भराभर काढत सुटा. सुरुवातीच्या कल्पना त्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला सुचलेल्याच असतात. त्या कागदावर आल्या की डोकं मोकळं होतं आणि मग खरं काम सुरू होतं. खोडरबर वापरू नका. फसलेल्या रेखाटनाचा एखादा कोपरा पुढच्या पानावर उपयोगी पडतो.

नावातली अक्षरं नीट न्याहाळा. कोणती दोन अक्षरं शेजारी आली आहेत, त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार कसा आहे, कुठे एकच वळण दोनदा येतं? फेडेक्स या कुरिअर कंपनीचा लोगो याचं सुंदर उदाहरण आहे. लिंडन लीडर या डिझायनरने १९९४ साली तो केला. त्यातल्या मोठ्या ‘ई’ आणि लहान ‘एक्स’ यांच्यामधल्या पांढऱ्या जागेत उजवीकडे धावणारा बाण आहे. तयार फाँटमध्ये तो असा स्वच्छ दिसत नव्हता. दोन वेगवेगळ्या टाइपफेसचे गुण एकत्र आणून, अक्षरांच्या उंच्या आणि जाडी बदलून, त्याने तो बसवला.

या उदाहरणातून नवखे लोक बहुतेक वेळा भलताच धडा घेतात आणि प्रत्येक लोगोत काहीतरी लपवायच्या मागे लागतात. बाण कधीच न दिसलेल्या माणसालाही फेडेक्सचा लोगो ठळक, नेटका आणि लांबून वाचता येणारा वाटतो. गंमत सापडली तर ती वरची कमाई समजा. तिच्याशिवाय लोगो उभा राहत नसेल, तर तो अजून झालेला नाही.

काळ्या-पांढऱ्यात पक्का करा

निवडलेली दोन-तीन रेखाटनं रंगाशिवाय नीट करा. रंग कमकुवत आकार झाकून टाकतो, आणि जिथे रंग मिळत नाही अशा जागा आजही भरपूर आहेत. शिक्का, काचेवरचं कोरीव काम, धातूवरचा ठसा, एकरंगी छपाई या सगळ्या ठिकाणी आकारावरच भिस्त असते.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा पांडा १९६१ सालचा. संस्थापकांपैकी पीटर स्कॉट यांनी तो काढला आणि काळ्या-पांढऱ्या प्राण्यामुळे छपाईचा खर्च वाचेल, हाही हिशेब त्यामागे होता. आजचा पांडा बारकाईने पाहा. डोक्याची वरची कड आणि पाठीची रेष काढलेलीच नाही. कान, डोळे, पाय हे काळे ठसे योग्य जागी ठेवले आहेत आणि उरलेला प्राणी आपला डोळा पूर्ण करतो. किती काढायचं यापेक्षा किती सोडून द्यायचं, हे यातून शिकावं.

लहान करून पाहा, मग आणखी लहान

ॲपलचा पहिला लोगो १९७६ सालचा होता. रोनाल्ड वेन यांनी त्यात झाडाखाली बसलेला न्यूटन काढला होता, वर लोंबणारं सफरचंद, आणि चौकटीभोवती एक लांबलचक ओळ. पुस्तकातल्या चित्रासारखं ते देखणं काम होतं, पण छोट्या आकारात त्यातला न्यूटनही दिसत नाही आणि सफरचंदही. पुढच्याच वर्षी रॉब जॅनॉफ यांनी नुसतं सफरचंद केलं आणि त्याचा एक घास काढला. घास का? तर लहान आकारात ते चेरी वाटू नये म्हणून. एका वक्र कापाने फळाचं माप ठरलं. त्या वेळचे सहा रंगांचे पट्टे पुढे गेले, आकार मात्र राहिला.

तुमचा लोगो १६ पिक्सेलच्या चौकोनात टाकून पाहा. ब्राउझरच्या टॅबवर तो तेवढाच दिसणार आहे. तिथे पूर्ण लोगो टिकणार नाही, पण त्यातला एखादा तुकडा, एखादं अक्षर किंवा चिन्ह ओळखू आलंच पाहिजे. मग कागदावर दहा मिलिमीटर रुंदीत छापा. स्क्रीनवर झूम करून समाधान मानू नका, प्रिंट काढाच.

आता कॉम्प्युटर

लोगो व्हेक्टरमध्येच काढायचा. इलस्ट्रेटर, फिग्मा किंवा मोफत मिळणारं इंकस्केप यांपैकी काहीही चालेल. फोटोशॉपमध्ये पिक्सेलने केलेला लोगो फलकाएवढा मोठा केला की कडा फाटतात. व्हेक्टरमध्ये आकार गणिती रेषांनी साठवला जातो, त्यामुळे तो कितीही ताणला तरी कड धारदार राहते. वळणांवर कमीत कमी पॉइंट, म्हणजे रेष जिथे अडकवलेली असते ते बिंदू, ठेवा. जास्त पॉइंट म्हणजे खडबडीत वळण.

मोजपट्टीवर जास्त विश्वास ठेवू नका. एकाच उंचीचा चौकोन आणि गोल शेजारी ठेवले तर गोल लहान दिसतो, म्हणून तो किंचित मोठा काढावा लागतो. गोलात त्रिकोण बरोबर मध्यावर ठेवला तर तो सरकल्यासारखा वाटतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरा आकार जाड दिसतो. आयबीएमचा आठ पट्ट्यांचा लोगो पॉल रँड यांनी १९७२ साली केला. त्याच्या पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा अशा दोन वेगळ्या आवृत्त्या ठेवल्या जातात, कारण नुसते रंग उलटे केले तर पट्ट्यांचं वजन बदललेलं दिसतं. सॉफ्टवेअरने ‘मध्यावर’ म्हटलं तरी शेवटचा निर्णय डोळ्यांचा.

देवनागरी नाव असेल तर

या भागावर थोडं थांबतो, कारण लोगोवरचं शिकवणं बहुतेक रोमन अक्षरं धरून चालतं आणि आपल्या लिपीच्या अडचणी वेगळ्या आहेत.

देवनागरीला वरच्या बाजूला मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार लागतो आणि खाली उकार. त्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षराच्या मुख्य अंगाला कमी जागा मिळते. दोन लिप्यांमधलं नाव शेजारी ठेवताना दोन्हींना फाँटचा एकच आकडा देऊ नका, देवनागरी हमखास बारीक दिसतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग रोमन अक्षरांच्या तोडीचा दिसेपर्यंत आकार वाढवा आणि रेषांची जाडीही जुळवून घ्या.

शिरोरेषा ही लोगोतली सगळ्यात ताकदवान आडवी रेष असते. ती जाड केली की नाव एकसंध वाटतं, पण ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्र’ अशा गच्च अक्षरांतल्या फटी लहान आकारात बुजतात. काही डिझायनर ती पूर्ण काढून टाकतात. तसं करायचं असेल तर आधी नावातली अक्षरं तपासा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक बराचसा शिरोरेषेच्या तुटण्यावर असतो. ती गेली की वाचणारा अडखळतो. ‘र’ आणि ‘व’ शेजारी आले तर त्यांच्यातलं अंतर बघाच, नाहीतर ‘रवाना’चा ‘खाना’ होतो. वाचनाच्या या चाचण्या तुम्ही स्वतः करून उपयोग नाही, कारण नाव तुम्हाला पाठ असतं. ज्याने ते आधी कधी पाहिलं नाही, अशा माणसाला मोठ्याने वाचायला सांगा.

आणखी एक गोष्ट छापखान्यात गेल्यावरच कळते. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा बहुतेक वेळा एकमेकींवर चढलेल्या असतात. स्क्रीनवर ते दिसत नाही. पण फाइल व्हिनाइल (चिकट प्लास्टिक) कापणाऱ्या मशीनवर गेली की मशीन प्रत्येक कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेवर अक्षरागणिक चिरा पडतात. म्हणून मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलल्यावर सगळे आकार जोडून एकच करा आणि जिथे फक्त कडा दिसतात त्या आउटलाइन दृश्यात एकदा तपासा. अक्षरांमधलं अंतर वाढवल्यामुळे शिरोरेषा तुटली असेल, तर तीही याच वेळी हाताने जोडून घ्या.

फाँटचा परवाना वाचा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात चालतात. इंटरनेटवर ‘फ्री’ म्हणून मिळणारे अनेक फाँट मात्र फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात.

रंग

एक मुख्य रंग, फार तर एक जोडीचा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निळा छपाईत तसा येत नाही, म्हणून आरजीबी (स्क्रीनचे रंग) आणि सीएमवायके (छपाईच्या शाया) या दोन्हींचे आकडे ठरवून ठेवा. छपाई जास्त असेल तर पँटोन या ठरावीक शायांच्या यादीतला क्रमांकही घ्या. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं कमी नाहीत, त्यामुळे लोगोचा अर्थ फक्त त्या दोन रंगांच्या फरकावर टेकवू नका. ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा, वापरायचा असेल तर वापरा, पण त्याशिवायची सपाट आवृत्ती तयार असलीच पाहिजे.

दुसऱ्या कुणाचा तर नाही ना?

साधे आकार मोजकेच आहेत, त्यामुळे हेतू नसतानाही दोन लोगो सारखे निघतात. एनबीसी या अमेरिकी वाहिनीने जानेवारी १९७६ मध्ये दोन भौमितिक तुकड्यांचा नवा ‘एन’ मोठ्या थाटात आणला. नेब्रास्का राज्यातल्या शैक्षणिक वाहिनीचा लोगो रंगाचा फरक सोडला तर जवळपास तसाच होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी बाहेरच्या तडजोडीत एनबीसीला त्या छोट्या वाहिनीला प्रक्षेपणाची उपकरणं आणि पैसे द्यावे लागले.

म्हणून क्लायंटला दाखवण्याआधी लोगोचं चित्र टाकून इंटरनेटवर उलटा शोध घ्या. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस कुणालाही मोफत वापरता येतो आणि त्यात चित्रावरूनही शोधता येतं. त्याच क्षेत्रात मिळताजुळता लोगो सापडला तर जीव अडकवून बसू नका, पुढचं रेखाटन घ्या. नोंदणी करायची असेल तर ट्रेडमार्कच्या वकिलाचा सल्ला घ्यायला क्लायंटला सांगा. तयार टेम्प्लेटमधलं चिन्ह उचलून दिलेला लोगो मात्र मुळातच धोक्याचा, कारण तेच चिन्ह आणखी कितीतरी लोकांनी घेतलेलं असतं.

क्लायंटसमोर मांडताना

दहा पर्याय देऊ नका. दोन, फार तर तीन द्या, आणि प्रत्येक प्रत्यक्ष जागेवर बसवून दाखवा, म्हणजे गाडीवर, मोबाइलवर, पत्रावर. कोऱ्या पांढऱ्या पानाच्या मध्यभागी एकटा ठेवलेला लोगो कुणालाही अपुराच वाटतो. ‘आवडला का?’ असं विचारलं की चर्चा प्रत्येकाच्या आवडत्या रंगावर जाते. त्याऐवजी पहिल्या बैठकीत संमती घेतलेलं ते पान काढा आणि यातलं काय जमलं, काय नाही, यावर बोला.

पहिल्या नजरेत प्रेमात पडले नाहीत तरी घाबरू नका. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने केलेलं नाइकीचं चिन्ह कंपनीच्या फिल नाइट यांना सुरुवातीला फारसं भावलं नव्हतं. उलट लोकांच्या नाराजीकडे काणाडोळाही करू नका. गॅप या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये सवयीचा निळा चौकोन सोडून नवा लोगो आणला आणि आठवडाभरात मागे घेतला. जुना लोगो बदलायचं काम आलं तर त्यातलं लोकांना काय आठवतं ते आधी शोधा आणि तेवढं तरी जपा. हे शोधायची सोपी रीत म्हणजे लोकांना तो लोगो आठवणीतून काढायला सांगणं. जे बहुतेकांच्या कागदावर उतरतं, तीच त्या लोगोची ओळख. नव्या लोगोलाही हीच परीक्षा लावा. पाच सेकंद दाखवा, दुसऱ्या दिवशी काढायला सांगा.

फाइली आणि नियम

काम मंजूर झालं की नीट बांधून द्या. मूळ व्हेक्टर फाइल, एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. त्यात आडवी आणि उभी मांडणी, रंगीत, नुसती काळी आणि नुसती पांढरी अशा आवृत्त्या. ॲप असेल तर गूगल प्लेसाठी ५१२ पिक्सेलचा आणि ॲपलच्या स्टोअरसाठी १०२४ पिक्सेलचा चौकोनी आयकॉन. फाइलींची नावं अशी ठेवा की तुम्हाला फोन न करता कुणालाही योग्य फाइल सापडेल.

सोबत एका पानाचे नियमही द्या. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची (लोगोतल्याच एखाद्या अक्षराची उंची हे माप सोयीचं पडतं), सगळ्यात लहान आकार किती, रंगांचे आकडे कोणते, गजबजलेल्या फोटोवर कोणती आवृत्ती वापरायची. लोगो एका बाजूने ताणू नये, त्याला सावली देऊ नये, हे चित्रासह दाखवा, कारण नुसतं लिहिलेलं कुणी वाचत नाही. आणि लोगोचे हक्क कधी आणि कोणत्या अटींवर कंपनीकडे जाणार, हे काम सुरू करतानाच करारात लिहून ठेवा. मूळ फाइल त्या अटी पूर्ण झाल्यावरच हातात द्या.